आजीच्या पाठीवरचे चाक

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे, पण कोणत्याही गाडीला मी कधी लागले नाही. टिटिकाका तळ्याकाठच्या आमच्या गावात शहरातून आलेल्या एलेउतेरिओ मास्तरांनी शेवयांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दोन चकत्या कापल्या, मधोमध स्वतःच्या सदऱ्याचे बटण शिवले आणि मी जन्मले. बाहेरच्या चकतीवर स्पॅनिश क्रियापदे होती: गाणे, पेरणे, वाटणे. आतल्या चकतीवर भविष्यकाळाचे सहा प्रत्यय, सगळ्यांना तेच. वर्तमानकाळासाठी क्रियापदाचे शेपूट छाटावे लागते. भविष्यकाळात ते अख्खेच राहते, पुढे प्रत्यय जोडला की झाले. ‘रेपार्तिर’ म्हणजे वाटणे, ‘रेपार्तिरे’ म्हणजे मी वाटीन. असे सरळ काम वाट्याला आले, याचा मला भारी अभिमान होता.

संध्याकाळच्या वर्गात आयमारा बोलणाऱ्या बायका स्पॅनिश शिकायला येत. मला सर्वांत जास्त फिरवले ते फोर्तुनाता आजीने. कालव्याचे पाणी तिच्या टोकाकडच्या वावरांपर्यंत कधी पोहोचतच नसे. त्या वर्षी पाणी वाटण्याच्या मुखत्यारीची पाळी तिच्या घरी आली होती. पण पाणीखात्याच्या साहेबासमोर स्पॅनिशमध्ये शपथ घेता आली नाही, तर पाळी तिच्या दिराकडे जाणार होती, आणि दिराचे शेत कालव्याच्या अगदी तोंडाशी!

‘मी वाटीन’ म्हणताना आजी अंगठा खांद्यावरून मागे नेई. मास्तर कपाळाला हात लावत.

“अहो आजी, उद्या पुढे असतो, पुढे!”

“तुम्हाला दिसतो होय, मास्तर?”

“नाही.”

“मग पुढं कसा? पुढं दिसतो तो कालचा दिवस. न दिसणारं सगळं पाठीमागंच की!”

सगळ्या बायका खो खो हसल्या. मास्तरही हसले.

शपथेच्या दिवशी आजीने मला विणलेल्या फडक्यात गुंडाळून पाठीवर बांधले, आमच्याकडे तान्ह्या बाळाला बांधतात तसे.

दीर म्हणाला, “वहिनी, नातवाला आणलंस की काय?”

“नातू नव्हं भाऊजी, माझा मास्तर हाय!”

पण साहेबाने “बोला” म्हटले आणि आजीचे शब्दच हरवले. दीर खाकरून पुढे सरकला. तिच्यामागे टोकाकडच्या वावरांच्या बायका उभ्या होत्या.

सवयीने तिचा अंगठा मागे गेला आणि फडक्याखालच्या माझ्या बटणाला लागला.

“रेपार्तिरे,” आजी खणखणीत म्हणाली. “शेवटच्या वावरापासून सुरुवात करून मी पाणी वाटीन.”

साहेब हसला. “मागे कुणाला दाखवताय?”

“उद्याला, साहेब. तो दिसत नाही, म्हणून तर शब्द द्यायचा.”

साहेबाने मुखत्यारी आजीच्या नावे लिहिली, आणि पाणी आधी शेवटच्या वावरात पोहोचले. पुढे मास्तरांची बदली झाली आणि वर्ग बंद पडला. आता मी आजीच्या चुलीजवळ खिळ्याला लटकते. ‘गाणे’ उंदरांनी कुरतडले, आणि मला कुणी फिरवत नाही, याचे वाईट वाटते. पण दर पेरणीला आजी चिखलाच्या बोटाने ‘वाटणे’ शोधते. ती अक्षरे आता पुसट झाली आहेत.

मित्रांनो, पुठ्ठ्याच्या वस्तूला ओल लागू देऊ नका, एवढी माझी विनंती. आणि कधी ‘करीन’ म्हणालात, तर एकदा मागे वळून बघा. तिथे कुणीतरी पाण्याची वाट पाहत उभे असेल.