मागून म्हणणारा

माघ पौर्णिमेला राजेंद्र माझ्याबरोबर लेण्यावर येणार होता. सकाळी त्याचा फोन आला. "बाबा, कंपनीत डबल ड्युटी लागली. तुम्ही खाली विहारातच जा. एकटे वर चढू नका."

मी बरं म्हटलं, पिशवीत मेणबत्ती आणि वंदनेचं पुस्तक टाकलं आणि डोंगराची वाट धरली.

आमच्या लेण्याकडे कोणी फिरकत नाही. महाडला उतरलेली माणसं रायगडाकडे जातात. पूर्वी पौर्णिमेला सगळी बौद्धवाडी वर चढायची. मग खाली विहार झाला, फरशी बसली, पंखे लागले. वर यायचो ते मी आणि माझी बायको आनंदी, दोघंच. ती पुढे बसून त्रिसरण-पंचशील सांगायची, मी मागून म्हणायचो. साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीला आम्ही एकत्रच बसलो होतो. तिला लवकर वाचता आलं. माझ्या घशात जोडाक्षरं अजून अडकतात.

"मागून म्हणायला अक्षर लागत नाय," मी म्हणायचो.

"मी गेल्यावर कोणाच्या मागून म्हणाल?" ती विचारायची.

भाताच्या कापणीत ती गेली. त्यानंतर तीन पौर्णिमा मी टाळल्या. ही टाळली असती तर लेण्यातली वंदना बंदच पडली असती.

वर पोचलो तर धनगरवाडीची रखमा आत सावलीला बसली होती. गवताचा भारा तिने कातळाला टेकवून ठेवला होता.

"धोंडूदादा, एकलाच रे? पोरगा कुठं हाय?"

"कंपनीत."

"कंपनीला आयबाप नाय, तिला काय कळणार!"

मला हसू आलं. झिजलेल्या स्तूपापुढे मेणबत्ती लावली, पुस्तक उघडलं. "रखमे, मी सांगतो. तू मागून म्हणशील का गो?"

"माझ्या तोंडाला नाय येत तुमचं. चुकलं तर मलाच बोल लावशील. मी गप बसते, चालंल?"

"चालंल."

पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. आनंदी थांबायची, तसाच.

"इसरलास?" रखमाने हळूच विचारलं.

"नाय. मागचा म्हणतो तवर थांबायचं असतं."

"मागं कोण हाय?"

मी मागे पाहिलं नाही. तीच ओळ खालच्या आवाजात पुन्हा म्हटली, जशी इतकी वर्षं म्हणत आलो तशी. मग पुढची ओळ मोठ्याने.

"दोनी बाजूंनी तूच?"

"आता मीच."



चार शीलं झाली. पाचव्याचा पहिला शब्द सगळ्यांत लांब. तिथे अडखळलो आणि चुकीचंच म्हणून गेलो. चुकलं ते मला कळलं. आनंदी असती तर तिने मान वळवून शब्द सुधारला असता, आणि वर हसलीही असती. रखमाला त्यातलं काय कळणार?

मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा शब्द जुळला आणि ओळ सरळ आली. मग मागच्याची म्हणून तीच पुन्हा म्हटली, हळू, पण पुरी.

पुस्तक मिटून वळलो तेव्हा आत कोणी नव्हतं. रखमा भारा घेऊन केव्हा गेली, मला कळलंच नाही.