पहिल्यांदा कुठं गेलात?

हाड मोडल्यावर माणसं दवाखान्यात उशिरा का येतात, हे शोधून काढायचा विडा डॉक्टर कीर्ती सोनकुसरे हिनं उचलला होता. भंडाऱ्यातल्या ज्या हॉस्पिटलात ती हाडांची सर्जन होती, तिथं सळ्या होत्या, प्लेटा होत्या, ऑपरेशन करणारे हात होते. वेळेवर आलेला पेशंट बरा होऊन पुन्हा धानाच्या बांधीत उतरायचा. उशिरा आलेल्याचं हाड वाकडं जुळलेलं असायचं, ते पुन्हा मोडून बसवावं लागायचं. मधले दिवस ही माणसं घालवतात कुठं, एवढाच तिच्या संशोधनाचा प्रश्न होता.

वरिष्ठ डॉक्टर म्हणायचे, गरिबी. भूल देणारे म्हणायचे, एसटीची बोंब. चहाच्या कपावर जो तो पंडित. कीर्ती मात्र पेशंटच्या खाटेवर बसून विचारायची, "हाड मोडलं तेव्हा पहिल्यांदा कुठं गेलात?" आणि पवनीकडचे पेशंट हसून सांगायचे, "कुठी जातो मॅडम? तुमच्याचकडे आलो न जी."

पवनी तिचं गाव. कीर्तीला वाटायचं, गावची पोर म्हणून लाडानं बोलतात. झाडीपट्टीतली माणसं तशीही गोड. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून विचाराल त्याला हो म्हणतील. ती हसायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायची. शिकलेल्या माणसाला आपल्याला नको असलेलं उत्तर कानाआड करायची कला फार चांगली येते.

तिचे वडील गोपाळराव पिढीजात विणकर. हातमागावर बसायचे आणि गावात कुणाचं हाड सरकलं, मोडलं, तर बांबूच्या कामट्या लावून सुताच्या दोरीनं बांधून द्यायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. कीर्ती हाडांची डॉक्टर व्हायला निघाली तेव्हा तिनं त्यांच्याकडून हे सोडायचं वचन घेतलं होतं, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून ते दिलं होतं. गोपाळरावांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिनं पुन्हा कधी विचारलंसुद्धा नाही; घरी जायची तीही सणावारापुरती.

धानाची रोवणी ऐन भरात असताना चंदा आली. पवनीजवळच्या एका खेड्यातली तरणी सून. नवरा कैलाश, सासू बेबीबाई, दोघं तिला धरून आणत होते. बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या, पाळीवरून पाय घसरून ती उजव्या हातावर पडली होती. तो हात तिनं पदराखाली लपवला होता.

कीर्तीनं पदर बाजूला केला. कोपरापासून मनगटापर्यंत कामट्या घट्ट बांधलेल्या होत्या. त्यांच्या पुढं बाहेर आलेली पाचही बोटं काळीठिक्कर होती. वास आला तशी शेजारची नर्स दोन पावलं मागं सरली. कीर्तीनं एका बोटाला सुई टोचली. चंदा तिच्याकडे पाहत राहिली. तिला कळलंच नव्हतं.

"दुखत नव्हतं का?" कीर्तीनं कसंबसं विचारलं.

"पहिले लय दुखे जी," बेबीबाई म्हणाल्या. "रातभर रडे पोरगी. मंग दुखनं बंदच झालं. आमी म्हटलं, गुन आला."

कीर्तीनं कात्री घेतली. दोरी कापायला वाकली आणि तिचा हात गाठीपाशी थांबला.

ती गाठ तिला ठाऊक होती. मागावर ताण्याचा उभा धागा तुटला की विणकर मारतो ती गाठ: चपटी, टोकं आत दडवलेली, ओढाल तेवढी आवळणारी. कापड फाटेल, पण ती सुटायची नाही. सर्जनच्या गाठी शिकण्याच्या कितीतरी आधी, मागाच्या शेजारी बसून, तिच्या बोटांनी ही शिकून घेतली होती. त्यात ही उलट्या अंगानं मारलेली. डावखुऱ्या माणसानं. पवनीत अशी गाठ मारणारं एकच माणूस होतं.

"हे कुणी बांधलं?" तिनं विचारलं.

कैलाशला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमच्याच घरी बांधलं न जी! बाबांनं. पडली तशी सरळ पवनीलेच नेली. म्हटलं, हाडाच्या डॉक्टरीनचं घर आहे, दुसरीकडं जाचं कायले? बाबा म्हने, माही पोरगी भंडाऱ्याले हेच करते."

कुठी जातो मॅडम, तुमच्याचकडे आलो. ते सगळे हसरे चेहरे एकदम तिच्यासमोर उभे राहिले. कुणीच लाडानं बोललं नव्हतं. सगळे खरं सांगत होते. तिचं घर म्हणजेच तिचा दवाखाना, असं समजून माणसं आधी तिथं जात होती, आणि कामट्या सुटल्यावर वाकडी हाडं घेऊन तिच्यापर्यंत पोचत होती. जे कारण ती खाटेखाटेवर बसून विचारत आली होती, ते तिच्याच घरात होतं.

हात वाचणार नव्हता. विष अंगात भिनलं असतं तर चंदाही वाचली नसती. कीर्तीनं एवढंच सांगितलं. हात कशानं गेला ते सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. चंदा म्हणाली, "मॅडम, पुढच्या रोवण्याले तं जमन न?" कीर्तीनं संमतीचा कागद कैलाशपुढं सरकवला. कोपराच्या खाली तिनं स्वतः हात कापला. दुसऱ्या कुणाला करू देणं तिच्या मनाला पटलं नाही. बाहेर येऊन ती हात धूत राहिली, पाणी कधीपासून नुसतंच वाहत होतं हे तिला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पवनीला गेली. दार उघडंच होतं. ओसरीत माणसं बसली होती. कुणाचा घोटा सुजलेला, कुणाचा खांदा उतरलेला. समोरच्या भिंतीवर तिचा पदवीच्या झग्यातला मोठा फोटो. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये म्हणून आई, कौशल्याबाई, खाली उदबत्ती लावत असे. फोटोखाली गोपाळराव एका म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसले होते.

"पाहा, माही डॉक्टरीन आली!" त्यांचा चेहरा उजळला. "सांगतलं होतं न तुमाले?"

"बाबा, तुमी मले शब्द देल्ला होता."

"सोडलंच होतं बाई. तुयी शपथ. पन तू डॉक्टरीन झाली अन् लोकं जास्तीच याले लागले. म्हनत, डॉक्टरीनच्या बापाले नाही येनार तं कोनाले येनार? मले वाटलं, तुयंच काम करून राहिलो. जवळचे मी पाहतो, दूरचे तू."

किती भाबडेपणानं बोलले ते! कीर्तीला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि यांतलं काहीच झालं नाही.

"चंदाचा हात कापला बाबा."

"कोनानं?"

"मी."

म्हाताऱ्यानं हळूच आपला पाय त्यांच्या मांडीवरून काढून घेतला. गोपाळराव लेकीकडे पाहत होते, जणू ती परक्या मुलखाची भाषा बोलत होती.

"गाठ सैल झाली का माही?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. हात सुजत गेला अन् गाठ सुटली नाही. रक्तच पोचलं नाही बोटाले."

जन्मभर या माणसाला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आपली गाठ सुटत नाही. त्यांनी आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. कौशल्याबाई दारात उभी होती. ती पुढं आली आणि उदबत्ती चिमटीनं विझवली. माणसं एकेक करून उठली. गोपाळरावांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चाल. मले तिच्याकडं ने."

कीर्ती त्यांना गाडीत बसवून भंडाऱ्याला घेऊन आली.

वॉर्डात चंदा जागी होती. गोपाळरावांना पाहताच तिचा चेहरा खुलला. मोठ्या माणसासमोर पडून कसं राहायचं म्हणून ती उठून बसली, आणि सवयीनं हात जोडायला गेली. एक हात छातीशी आला. दुसरीकडचं पांढऱ्या पट्टीतलं थोटकं उचललं गेलं आणि हवेतच थांबलं.

"बाबा, तुमी कायले तरास घेतला जी?" ती म्हणाली. "तुमी पहिले बांधलं म्हनून एवढ्यावर भागलं. नाही तं जीवच गेला असता म्हने."

बेबीबाईंनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा न बाबा. तुमचे लय उपकार आहेत आमच्यावर."

गोपाळराव बसले नाहीत. त्यांनी खाटेचा दांडा धरला. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, "सांग तिले."

कीर्ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चंदा उपकार मानत घरी गेली असती, आणि पवनीतली ओसरी पुन्हा भरली असती. हे तिला सगळं दिसत होतं. ती चंदाच्या खाटेवर बसली.

"चंदा, पडल्यानं तुझं नुसतं हाड मोडलं होतं. ते मी बसवलं असतं, हात राहिला असता. हात गेला तो बांधल्यानं. बाबांनी बांधल्यानं."

बेबीबाईंचा हात स्टुलावरच राहिला. कैलाश खिडकीपाशी होता, तो वळला. चंदानं छातीशी धरलेला तो एक हात हळूहळू खाली घेतला. तिनं गोपाळरावांकडे पाहिलं, मग कीर्तीकडे, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हे, हिशेब न लागल्याची.

"पन मॅडम," ती म्हणाली, "आमी तं तुमच्याचकडे आलो होतो न जी?"

हेच उत्तर कीर्ती आजवर हसण्यावारी नेत आली होती.

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडेच."