मावळतीची भिंत

औरंगपुऱ्यात एका अरुंद जिन्यावरच्या ऑफिसात मोनिका दांडगेनं एकवीस वर्षं काढली होती. तिथं बसून केलं काय, तर मोबाइलच्या दुकानांची पीओपीची छतं, दवाखान्यांचे काउंटर आणि फ्लॅटमागून फ्लॅट मॉड्युलर किचन. पुण्याहून निघणारं आर्किटेक्ट-इंटिरियरवाल्यांचं मासिक दर महिन्याला यायचं. त्यात दुसऱ्यांची घरं बघायची, दोन पानं उलटायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाला लॅमिनेटचे नमुने दाखवायला घ्यायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. अशा बाईचं एक घर त्याच मासिकानं छापायला मागितलं, तेव्हा तिला त्याचा आनंद व्हायलाच दोन दिवस लागले.

घर सिल्लोडचं. मुख्तार पटेल हे कापूस-मक्याचे व्यापारी आणि त्यांची बायको अजरा उर्दू शाळेत शिक्षिका. बांधून तीन वर्षं झाली होती. घराच्या मागच्या खोलीला जमिनीपासून छतापर्यंत विटांच्या जाळीची भिंत होती आणि संपादकांचा जीव जडला होता तो तिच्यावरच. मासिकाला पाठवलेल्या टिपणात मोनिकानं लिहिलं होतं, ‘मावळतीचा प्रकाश या घरात मुद्दाम बोलावला आहे.’

त्या ‘मुद्दाम’ शब्दाला मात्र काही लाज नव्हती. मोजणीच्या नकाशात उत्तर वर असते, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण रस्ता खालच्या बाजूला आला की घर काढायला सोपं जातं, म्हणून मोनिकानं नकाशा फिरवून घेतला होता. तसं सगळेच घेतात. फक्त उत्तरेचा बाण तेव्हा कागदाबरोबर फिरवायचा असतो, तो राहिला. त्या आठवड्यात तिच्या हातात सात फ्लॅट होते आणि एक मंगल कार्यालय. कागदावर उत्तरेच्या सौम्य उजेडासाठी काढलेली जाळी जमिनीवर नेमकी पश्चिमेला गेली, सिल्लोडच्या चैत्र-वैशाखातल्या उन्हाच्या तोंडी.

चूक तिला कळली होती ती जोतं झालं त्या दिवशी, संध्याकाळी. सूर्य जिथं जायला नको तिथं जाताना तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिला. मुख्तारभाई शेजारीच उभे होते. ते एवढंच म्हणाले, “मॅडम, नमाजची जागा जरा इकडं, जाळीकडं घेऊ का?” पश्चिमेला तोंड करून नमाज पढायची, म्हणून तिनं नकाशात ज्या भिंतीशी ती जागा दाखवली होती, ती भिंत आता दक्षिणेला आली होती. मोनिका घाईनं म्हणाली, “घ्या ना, घ्या.” विषय तिथंच संपला. जोतं फोडा म्हणायला छाती लागते आणि ती त्या दिवशी तिच्याजवळ नव्हती. पुढं भिंती चढल्या, छत झालं आणि चुकीला नक्षीचं रूप आलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मासिकाची फोटोग्राफर अपेक्षा पुण्याहून आली. तिशीची, कामात चोख मुलगी. तिला घेऊन मोनिका सकाळी फुलंब्रीमार्गे सिल्लोडला निघाली. अपेक्षा वाटेत म्हणाली, “मॅडम, जाळीचा फोटो बरोबर साडेचारला घ्यायचा. उन्हाचे चौकोन पार समोरच्या भिंतीपर्यंत जातात ना?”

“जात असतील,” मोनिका म्हणाली. खरं तर उन्हाळ्यात दुपारचं त्या खोलीत ती एकदाही गेली नव्हती. जायची ती थंडीत नाहीतर सकाळच्या वेळी, आणि तेही आधी फोन करून. कशाला जावं दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला.

पटेलांचं घर लखलखीत होतं. अजराभाभींनी शाळेतून रजा घेतली होती. फोटोसाठी घर रिकामं करायचं हा या धंद्याचा रिवाजच, त्याप्रमाणे अपेक्षानं एकेक वस्तू हलवायला सांगितली. कूलर बाहेर गेला, कपड्यांचा स्टँड गेला, औषधांची टोपली गेली. माणसं राहतात याचा पुरावा उरला नाही की घर छापण्याजोगं होतं. अजराभाभी एकेक उचलत होत्या. मुख्तारभाईंनी तर हौसेनं इस्त्रीचा सदरा घातला होता.

अपेक्षा कॅमेऱ्यातून जाळीकडं बघत म्हणाली, “मॅडम, हे काय आहे? वरून रांगेत हुक दिसतायत. खालीपण आहेत.”

मोनिका जवळ गेली. भिंतीच्या कडेनं वीतभर अंतरावर लोखंडी हुक होते, चांगले गंजलेले. हुकांना हिरव्या दोऱ्याचे तुटके धागे अडकलेले. ती मागच्या दारानं अंगणात आली. तिथं पाण्याच्या टाकीमागं रोपवाटिकेवर घालतात तसलं हिरवं शेडनेट गुंडाळून ठेवलं होतं. नेट उन्हानं विटलं होतं आणि त्याच्या कडांना पितळी कड्या शिवलेल्या होत्या. चटकन काढता यावं, चटकन लावता यावं, अशी ती सोय होती.

काय प्रकार आहे तो तिच्या ध्यानात आला. तीन वर्षं ती फोन करून यायची आणि तीन वर्षं ही माणसं ती येण्याआधी नेट काढून ठेवायची.

साडेचारला ऊन खोलीत शिरलं. अपेक्षाला हवे होते तसेच चौकोन पडले, फरशीवर, पलंगावर, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. देखणे होते, नाही म्हणता येणार नाही. आणि जाळीतून झळा अशा येत होत्या की चुलीसमोर तोंड धरावं. पंखा फोटोत हलतो म्हणून बंद केला होता. अपेक्षा घाम पुसत पुसत एकामागून एक फोटो काढत होती. “भाभी, तुम्ही त्या प्रकाशात बसाल का? पुस्तक घेऊन, सहज.”

अजराभाभी बसल्या. पाचेक मिनिटांत त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. त्यांनी पुस्तकाचं पान मात्र उलटलं नाही, कारण अपेक्षानं हलू नका म्हणून सांगितलं होतं. उन्हाचा एक चौकोन नेमका त्यांच्या डोळ्यांवर आला होता. मोनिकाला ते बघवेना.

“अपेक्षा, थांब,” ती म्हणाली. “भाभी, उठा तुम्ही. इकडं सावलीत या.”

“झालं नाय अजून त्यांचं.”

“राहू दे. भाभी, मला सांगायचंय काहीतरी. ही भिंत मी मुद्दाम पश्चिमेला नाही घेतली. चुकून आली. नकाशा फिरवला आणि बाण फिरवायचा राहिला. जोत्याच्या वेळेसच मला कळलं होतं. बोलायचा धीर झाला नाही.”

अपेक्षानं कॅमेरा खाली केला. मुख्तारभाई दारात उभे होते. ते म्हणाले, “जाऊ द्या ना मॅडम. लई दिस झाले त्याला.”

“जाऊ द्या कसं?” अजराभाभींनी नवऱ्याकडं पाहिलं आणि मग मोनिकाकडं. आवाज चढला नव्हता. शाळेतल्या पोराला समजावावं तसा होता. “आम्हाला ठाऊक होतं मॅडम. नमाज पढणाऱ्या माणसाला पश्चिम कुठं ते कळत नाय व्हय? ह्यांनी तुम्हाला जोत्यावर जागेचं विचारलं ना, ते विचारणं नव्हतं. सांगणं होतं. तुम्ही म्हणाल, चुकलं, म्हणून वाट बघितली ह्यांनी. घरी येऊन म्हणले, मॅडम शिकलेल्या आहेत, काहीतरी सोचूनच केलं असंल.”

“मग मी यायच्या आधी नेट का काढत होतात?”

“तुम्ही त्या भिंतीकडं अशा बघायच्या, लेकीकडं बघावं तशा. कुणाचं मन कसं मोडावं? तीन उन्हाळे गेले, मॅडम. दुपारी ह्या खोलीत आम्ही कुणी पाऊल ठेवत नाय.”

मोनिकाला बरं वाटेल असं त्यात काहीच नव्हतं. माफी मागावी तर तीही आता उशिराची. एवढी वर्षं ती समजत होती की आपण यांना फसवतोय. यांनी तर तिला सांभाळून घेतलं होतं, उन्हात बसून. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेही आलं नाही. नुसता थकवा आला, पार हाडांत उतरलेला.

ती बाहेर जाऊन नेटची गुंडाळी घेऊन आली. मुख्तारभाई स्टूल धरायला धावले, तरी वर चढली ती स्वतःच. एकेक कडी हुकात अडकवत गेली. खोली हिरवट काळोखी झाली. पंखा सुरू झाला.

“आता काढ फोटो,” ती अपेक्षाला म्हणाली.

“मॅडम, असा फोटो ते छापणार नाहीत.”

“माहितीय. टिपणही बदलून देते. ‘मुद्दाम’ काढून टाका म्हणावं, चूक झाली असं लिहा.”

अपेक्षानं अंगणात जाऊन फोन लावला. थोड्या वेळानं परत आली आणि ट्रायपॉड मिटू लागली. संपादक कळवतो म्हणाले, असं तिनं सांगितलं. कळवतो म्हणजे काय, हे या धंद्यात कुणाला समजवावं लागत नाही. मोनिकानं मान हलवली. पान गेलं होतं आणि तिच्या वयाला दुसरं मिळण्याचा संभव कमीच होता. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण ते कुणाला दाखवण्याची ती जागा नव्हती.

तिनं पर्समधून टेप काढली. “मुख्तारभाई, या भिंतीला बाहेरून पडवी काढू. खोल. ऊन जाळीपर्यंत पोचलंच नाही पाहिजे. माझ्याकडून.”

“तकल्लुफ नको मॅडम, उगाच कशाला त्रास.”

“तकल्लुफ नाही. माझं काम अर्धं राहिलंय.”

ती मागच्या अंगणात गेली. ऊन अजून भाजत होतं. तिनं टेपचं टोक भिंतीला लावलं, सवयीनं वही हातावर धरली आणि रेघ ओढायला पेन टेकवलं.

“थांबा,” अजराभाभी मागून म्हणाल्या. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली होती. ओढणी डोक्यावरून पुढं घेऊन त्या सूर्याकडं तोंड करून बसल्या. “आताच काही काढू नका. चैतात ऊन कुठवर येतं, आखाजीला कुठवर, दिवाळीत कुठवर, मला सगळं पाठ आहे. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या.”

मोनिकानं पेन उचललं, वहीचं कोरं पान काढलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.