चक्करबाबांचा उंदीर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक पांढरा उंदीर फळीवरून सरळ रेषेत चालत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. गेल्या आठवड्यात हाच उंदीर स्वतःभोवती गरगर फिरताना सगळ्यांनी पाहिला होता.

"ज्याच्या फुंकरीने मुक्या जिवाची चक्कर जाते," चक्करबाबा गरजले, "त्याच्यापुढे तुमच्या चक्करीची काय मातब्बरी? गोळ्या फेका, काठी धरा, समोरच्या दिव्याकडे बघा आणि चाला!"

माझी ताई चालली. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. कानाच्या दुखण्याने तोल जातो म्हणून कित्येक महिने घरी बसली होती. काठी टेकत, दिव्याकडे बघत ती पलीकडे गेली आणि वळून हसली.

"उद्यापासून शिडीवर चढते गं!"



उंदरांचा तोल मोजणं ही माझी प्रयोगशाळेतली नोकरी. एका कानाचा आतला भाग औषधाने बिघडवला की उंदीर गरगरतो. मग हळूहळू डोळे आणि पाय तोल सांभाळायला शिकतात आणि तो आपोआप सरळ चालू लागतो. कान बिघडलेला तो बिघडलेलाच. बाबांनी असाच उंदीर आणून फक्त आठवडाभर वाट पाहिली होती. आयत्या बिळावर नागोबा! घरी हे सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. तरी उठले.

"बाबा, उंदीर जरा उचलू?"

"उचल की पोरी. कृपेला कसली भीती?"

मी शेपटी धरून त्याला अलगद वर घेतलं. धडधाकट उंदीर अशा वेळी पुढचे पाय खाली ताणतो. हा पोटाकडे मुडपला आणि भोवऱ्यासारखा फिरू लागला. टाळ्या थांबल्या.

"आधार काढला की दुखणं दिसतं," मी म्हणाले.

"तुझी नजर लागली त्याला!"

"बरं, मग माणसावर बघू. ताई, इकडे ये."

बाबांच्या आसनावरची जाड, मऊ गादी मी खाली ओढली. ताईला तिच्यावर उभं केलं, म्हणजे पायांना टणक जमिनीचा आधार उरला नाही, आणि काठी काढून घेतली.

"आता डोळे मीट."

तिने डोळे मिटले मात्र, आणि ती कलंडली. मी धरली म्हणून वाचली. माझा दंड घट्ट पकडून ती कुजबुजली, "हे शिडीवर झालं असतं तर?"

मला फार थकल्यासारखं झालं.

"हिची श्रद्धाच कमी पडली," बाबा म्हणाले. "गादी इकडे आणा."

पण पुढच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले होते. "थांबा हो. आधी मला उभा राहू द्या त्या गादीवर. बाई, धरशील ना मला?"

मी हात पुढे केला. त्यांच्यामागे आणखी चारजण उभे राहिले.

उद्या ताईला कानाच्या डॉक्टरांकडे नेते आहे. बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. माणसांनो, टाळी वाजवायच्या आधी काठी काढून बघा, दिवा विझवून बघा. एवढं तर आपल्यातल्या कुणालाही जमेल.