खिशातली शिट्टी

मी कानाचं मशीन बोलतोय. बोलतोय कसला, बोंबलतोय! ज्याच्या उजव्या कानासाठी मी जन्मलो, त्याच्या शर्टाच्या खिशात माझं निम्मं आयुष्य गेलं. चालू असताना मला काढून खिशात कोंबलं की मी शिट्टी मारतो. लोक म्हणतात, बिघडलंय. बिघडलेला मी नव्हतो.

माझा मालक पत्र्याची पिंपं ठोकायच्या कारखान्यात होता. पिंपांनी त्याचे कान नेले आणि उरलेलं सगळं दारूनं. आधी सुट्टीच्या दिवशी प्यायचा, मग कामावरून येताना, मग कामावर जाताना. बायको कंटाळून भावाकडे राहायला गेली. घरात राहिली लेक. तिनंच मला आणलं. बापाच्या कानात मला बसवताना तिचे हात किती हळू चालले होते!

"बाबा, ऐकू येतंय?"

"अगं, ओरडतेस काय?" तो म्हणाला आणि दोघंही हसले. त्या दिवशी मलाही बरं वाटलं.

पुढे कळलं, या माणसाला ऐकायचंच नव्हतं. लेक बोलायला लागली की हा मला उपटून खिशात टाकायचा. लोक कानांवर हात ठेवतात, यानं कानच काढून ठेवला! एका संध्याकाळी झोकांड्या खात आला. तिनं तोंड उघडलं, यानं मला काढलं. ती जे बोलली ते मी खिशातून ऐकलं. त्यानं नुसते तिचे हलणारे ओठ पाहिले आणि मान डोलावली. ते बोलणं काय, आणि हा मान डोलावतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी पोरगी चिवट. दारू सोडू बघणारी माणसं एकत्र बसतात, एकमेकांना सावरतात, असं तिला कुणीतरी सांगितलं. ती बापाला अशा मीटिंगांच्या दारापर्यंत पोचवू लागली.

पहिली मीटिंग भल्यामोठ्या हॉलमध्ये होती. पंखे घरघरत होते, माइक कुंई कुंई करत होता. एक वक्ता टेबल आपटून ओरडत होता, "सोडा! आजच सोडा!" त्या गोंगाटातून मी मालकापर्यंत कसाबसा एकच शब्द पोचवला, सोडा. बाहेर पडल्यावर त्यानं तोच मागवला. सोबत काय मागवलं ते सांगायला नको.

दुसऱ्या ठिकाणी जो तो आपण किती प्यायचो याच्या फुशारक्या मारत होता. मालकाला धड ऐकू येईना, म्हणून बाकीचे हसले की तोही हसायचा. मग एक जण आपला भाऊ दारूपायी कसा गेला ते सांगू लागला आणि हा तेव्हाही हसला. सगळे वळून बघायला लागले. "लाज नाही वाटत?" कुणीतरी म्हणालं. अरे, लाज वाटली म्हणूनच तो उठून गुत्त्यावर गेला! तुमच्यातल्या एकाला तरी विचारता आलं नाही, "काका, ऐकू येतंय का?"

तिसऱ्या वेळी लेकीनं आपली बॅग भरून दाराशी ठेवली. मग मला त्याच्या कानात बसवलं. या वेळी हात हळू नव्हते.

"ही शेवटची, बाबा. इथूनही उठून आलात तर मी आईकडे चालले."

ही मीटिंग शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत होती. थोडीच माणसं. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी बोलत होत्या. बाईमाणूस आणि दारू, म्हणून मालक आधीच कानकोंडा झालेला. मावशी म्हणाल्या, "पोरगी हाक मारायची ना, तेव्हा मी मुद्दाम शिलाई मशीन जोरात चालवायचे. ऐकूच आलं नाही म्हणायला बरं."

हे मात्र मी त्याला स्वच्छ ऐकवलं. आणि यानं काय करावं? मला काढून खिशात टाकलं! मी जीव खाऊन शिट्टी मारली.

मावशी थांबल्या. "काय वाजतंय ते?" खिशाकडे हात करून त्यांनी विचारलं.

"मशीन... बिघडलंय."

"काही बिघडलेलं नाही. घाला कानात." त्यांनी बोटानं कान दाखवला, त्यानं मला परत बसवलं. मग त्या इतरांकडे वळून म्हणाल्या, "तो पंखा बंद करा बरं. आणि खुर्च्या पुढे ओढा."

सगळे घाम पुसत पुढे सरकले. मावशींनी आपली तीच लाजिरवाणी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, त्याच्या तोंडाकडे बघत. मालक शेवटपर्यंत बसला.

घरी आला तेव्हा लेक बॅगेचा पट्टा धरून दारातच उभी होती.

"त्या संध्याकाळी तू काहीतरी म्हणालीस," तो म्हणाला. "मशीन खिशात होतं. परत सांग."

"नको, बाबा."

"सांग."

तिनं बॅगेचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "तुम्ही एकदाचे मरून जावं, असं मला वाटायला लागलंय. आणि असं वाटतं म्हणून मला रोज रडू येतं."

त्याचा हात कानाकडे गेला. म्हटलं, चला, पुन्हा खिशात! पण त्यानं मला बोटानं आणखी आत दाबलं.

"अजून काय काय म्हणाली होतीस?" त्यानं विचारलं. ती बॅगेवरच बसली आणि सांगू लागली.

तो त्या खोलीत जातो अजून. तो आत आला की पंखा बंद होतो. लेकीची बॅग मात्र अजून दाराशीच आहे, भरलेली. माझाही राग गेलेला नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद शिट्टी मारत असेल तर दुरुस्तीला टाकू नका. आधी बघा, तो कुणाच्या खिशात आहे आणि समोर बोलतंय कोण.