खिडकीत उपडं ठेवलेलं भांडं

मी एक जुनं तांब्याचं भांडं आहे, मित्रांनो. इस्तंबूलच्या बालात मोहल्ल्यातलं. मला घडवणाऱ्या तांबटानं माझ्या मालकिणीला, मुकद्दर मावशीला, बजावलं होतं, "हे शेजारीपाजारी फिरवू नका हं. एखादी नसती भानगड घेऊन येईल घरात." मावशीनं ते हसण्यावारी नेलं.

आमच्या गल्लीत भांडं रिकामं दिसलं की बायकांना राहवत नाही. त्यामुळे माझं पोट सदा भरलेलं असे, आणि सगळे माझं कौतुक करत.

मावशीच्या वरच्या खोलीत पेटको राहायला आला. बल्गेरियातल्या प्लॉवदिवचा, शिवणयंत्रं दुरुस्त करणारा. वांग्याची भाजी घेऊन मी वर गेलं आणि तिथंच राहिलं.

एके सकाळी त्याच्या देशाचा एक जाडा साहेब आला. "खाडीतली जहाजं बघायची आणि मला सांगायचं."

"साहेब, मला सुईदोऱ्यातलं कळतं. जहाजातलं काय कळणार?"

"घरी बायको रादा आहे, तान्ही मुलगी आहे. त्या सुखात राहाव्यात ना? मग शीक. सगळं ठीक असेल तर खिडकीत हे भांडं रिकामं, उपडं ठेव. पोलिसांना संशय आला तर भरून ठेव."

पेटकोची झोप उडाली. त्यानं पहिली बातमी दिली ती कलिंगडांच्या होडीची! मी उपडं पडून त्याचे उसासे ऐकत असे.

एकदा तो तेल आणायला गेला असताना मावशी वर आली. "अगं बाई, पोराचं भांडं रिकामं!" तिनं द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात माझ्यात ठासून भरला आणि मला वाऱ्याला खिडकीत ठेवलं. खाली जाडा साहेब पाव खात उभा होता. त्यानं वर पाहिलं, पाव टाकला आणि टोपी सावरत धूम ठोकली.

पेटको परतला, मला पाहून पांढराफटक पडला. "मावशी, काय केलंत हो हे!"

"काय केलं? जेव आधी. हाडं मोजून घ्यावीत तुझी."

तेव्हा तो रडला आणि सगळं बोलला.

"मेल्या, एवढं एकट्यानं गिळत बसलास? खाली मी मेले होते का?"

पुढे साहेबाचा निरोप आला, 'तुझं बिंग फुटलं. ताबडतोब परत ये.' ही सुटका की शिक्षा, कुणालाच कळेना. पण रादा आणि मुलगी तिकडेच होत्या. तो गेला. त्याचं पत्र आलं नाही.

आता माझी कल्हई उडाली आहे आणि मी फळीवर पडून आहे. त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी प्लॉवदिवला गेलात, तर शिवणयंत्रवाल्या पेटकोचं घर विचारा. मुलगी शाळेत जाऊ लागली असेल. दार वाजवा. घरात तिघं आहेत की दोघीच, तेवढं बघून या.