कुलूप लावलेली बकरी

मी केशरबाईची बकरी बोलतेय. अकोटात, भीमनगरातल्या एका टिनाच्या घराजवळ माझा खुंटा आहे. दोरी इतकी आखूड, की समोरच्या कडुलिंबाकडे नुसतं बघत बसायचं.

दिसायला बकरी असले तरी मी या घरची तिजोरी आहे. केशरबाई कापसाच्या जिनिंगात मजुरी करते. बँकेत तिचं खातं आहे, पण त्याला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा आणि कार्डही त्याच्याच खिशात. तिचा नवरा देवमन वाईट नाही हो! ना दारू, ना पत्ते. फक्त कुणी हात पसरला की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. म्हणून केशरबाईनं हातात रोख मिळणाऱ्या मजुरीतून मला घेतलं, लेक रश्मीच्या नर्सिंगसाठी.

तरी एकदा साडूच्या अडचणीपायी देवमननं मला खाटकाला दाखवलंच. तेव्हापासून बाईनं युक्ती काढली. पिल्लं दूध सोडून सुटी झाली, की मला बोकडाकडे न्यायचं. गाभण बकरी खाटीक सहसा घेत नाही. कुणी आलं की ती ओरडायची, "गाभण आहे ते! हात नोको लावू!" माझ्या पोटाचंच कुलूप केलं तिनं. मला संताप यायचा आणि तिचं कौतुकही वाटायचं.

पोळा झाला आणि रश्मीचा अमरावतीला नर्सिंगला नंबर लागला. पहिला हप्ता भरला असता, तर पुढचं स्कॉलरशिपवर निघालं असतं. केशरबाईनं मला बाजारात नेलं. गाभण बकरी पाळायला घेणाऱ्या शेतकऱ्यांचा पैसा खत-फवारणीत अडकलेला. खाटकानं माझं पोट चाचपलं.

"बाई, हे तं गाभण आहे. अर्ध्या भावात देसान तं नेतो."

"भाऊ, माह्या पोरीची फी आहे."

तो पुढे गेला. अर्ध्यात हप्ता भागत नव्हता. मी व्याले तोवर मुदत संपून गेली होती.

आता रश्मीही मायसोबत जिनिंगात जाते. काल केशरबाईनं बोकडाकडे न्यायला पुन्हा माझी दोरी सोडली.

"माय, यंदा नोको नेऊ."

"मंग तुह्या बापानं कोणाले देऊन टाकली तं?"

दोरी धरून केशरबाई दोन पावलं चालली आणि मागे फिरली. मग तिनं मला परत खुंट्याला बांधलं. रश्मी माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता, तो मी हळूच ओढून काढला.

तुमच्यापैकी कुणाचं चालत असेल, तर या बाईच्या पैशाला तिच्याच हातानं उघडेल असं कुलूप द्या. तोवर मी खुंट्याला बांधलेली, आणि या मायलेकी मला.